सदतीस नंबरची ट्यूब

“शास्त्राला मुहूर्त नसतो, मगदूम,” रिसबूड सर गंभीरपणे म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. “रविवारी अमावास्या आहे. आपण सोमवारी सुरू करू.”

सरांचा अमावास्येवर विश्वास नव्हता. अमावास्येला व्होल्टेज पडतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शनिवारबद्दलही त्यांच्या मनात काही नव्हतं. शनिवारी काच फुटते, हे त्यांचं बावीस वर्षांचं निरीक्षण होतं, आणि निरीक्षणाला अंधश्रद्धा म्हणत नाहीत.

मी त्यांच्या टेबलावर माझी लग्नपत्रिका ठेवली होती. त्यांनी ती उघडली, नवऱ्याच्या नावावरून नजर तशीच खाली आणली आणि तारखेवर थांबले.

“गुरुवार. म्हणजे सोमवारी यीस्ट फोडायचं, मंगळवारी मधले टप्पे आणि बुधवारी शेवटचा कॉलम. अगदी बसतंय.”

“बुधवारी माझी हळद आहे, सर.”

“किती वाजता?”

“नऊ.”

“मग साडेनऊपर्यंत आटपेल ना?”

सांगलीतल्या एका कॉलेजात वरच्या मजल्यावर आमचा जीवरसायनाचा विभाग होता. विभाग म्हणजे सर, मी आणि एक कोल्ड रूम. कोल्ड रूमचं दार आतून उघडत नसे, म्हणून आत जाताना दारात वीट ठेवायची. या तिघांच्या बळावर आम्ही साडेचार वर्षं एका एन्झाइमच्या मागे होतो. त्याचं नाव थ्रिओनिन सिंथेज. थ्रिओनिन हे अमिनो आम्ल माणसाला जगायला लागतं, पण स्वतःला बनवता येत नाही. बेकरीतल्या यीस्टला येतं, गटारातल्या जिवाणूला येतं. सर वर्गात हे सांगताना नेहमी मागच्या बाकांकडे बघत.

ते बनवायचं काम हे एन्झाइम करतं. यीस्टच्या पोटातल्या हजारो प्रोटीनांतून ते एकटं वेगळं काढायचं, म्हणजे शुद्ध करायचं, आणि मग त्याचे गुणधर्म मोजायचे. ऐकायला सोपं आहे. पण यीस्टबाहेर काढलं की आमचं एन्झाइम दोन-तीन दिवसांत मरायचं. तोवर ते तीन वेळा मेलं होतं. एकदा वीज गेली म्हणून, एकदा मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेले म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना.

माझी विद्यापीठातली पीएच.डी.ची नोंदणी सप्टेंबरअखेर रद्द होणार होती. सासरे बेळगावचे, शिकलेले, समजूतदार. ते म्हणाले होते, “शिकू दे की. फक्त लग्नाआधी संपव म्हणावं.” सरांनी त्यावर तोडगा काढला होता. “शुद्ध एन्झाइम हातात द्या आणि त्याच्या एका रेणूला बी-सिक्सचे किती रेणू चिकटतात तो आकडा काढू द्या. मग प्रबंध बेळगावात बसून लिहा नाहीतर चंद्रावर बसून लिहा.”

बी-सिक्स म्हणजे जीवनसत्त्व. त्याच्या आधाराशिवाय हे एन्झाइम काम करत नाही. आणि ते चिकटलेलं असलं की एन्झाइमला फिकट पिवळा रंग येतो. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. आम्ही तो पिवळा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

घरी माझ्या संशोधनाची चौकशी करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे चंपूआत्या. बाबांची थोरली बहीण. तिचं सासर हरिपूरचं, तिथं त्यांची हळदीची पेवं होती. जमिनीत विहिरीसारखे खड्डे घेऊन त्यांत हळद साठवतात ती. तेव्हा हळदीनं सुटत नाही असा प्रश्न तिच्या मते अजून निर्माण व्हायचा होता. पण ती पक्की जैनही होती. दिवेलागणीनंतर पाण्याखेरीज काही घेत नसे, आणि पाणीही गाळून.

“यीस्टला जीव असतो काय गं?” तिनं एकदा विचारलं होतं, आणि मी बेसावधपणे खरं सांगितलं होतं.

“असतो.”

“मग किती मारतीस म्हणायचं एका टायमाला?”

“एका ग्रॅममध्ये साधारण हजार कोटी असतात. आम्ही दोन किलो घेतो.”

आत्या चौथी शिकली होती, पण हिशेब तिला बाबांहून चांगला येई. तिनं बोटांवर काहीतरी केलं, मग बोटं पुरेनात म्हणून सोडून दिलं. त्या दिवसापासून घरात पाव यायचा बंद झाला आणि आत्यानं माझ्या नावाचा एक जप वाढवला.

बुधवारी सकाळी नऊला मला अंगणात पाटावर बसवलं. जुनी पांढरी साडी, भोवती काकवा, मावश्या, आणि मधोमध आत्या. तिच्या हातात पितळी वाटी, तीत हरिपूरची घरची हळद. दोन्ही हात झाले, एक पाय झाला, आणि फाटकापाशी लूना फटफटत थांबली.

रिसबूड सर. त्यांच्या उजव्या हाताला रुमाल बांधलेला, आणि रुमाल लाल.

“मगदूम,” आजूबाजूच्या पंचवीस बायका जणू काचेच्या असाव्यात तसे ते बोलले, “कॉलमची तोटी मोडली. नवी बसवली. पण बोट कापलं. आता नमुना भरायला दोन हात लागतात, आणि माझा एक गेलाय.”

“आज बुधवार आहे, सर,” मी म्हणाले.

“म्हणून फक्त तोटी मोडली. शनिवार असता तर कॉलम गेला असता.”

आत्या उठली, सरांचा हात धरला, रुमाल सोडला आणि वाटीतली चिमूटभर हळद त्यांच्या बोटावर दाबून बसवली.

“अहो, अहो, आत्याबाई, मी टिंक्चर लावणार आहे—”

“लावा की मग. कोण नको म्हणतंय? आधी हे.”

सरांनी पिवळं बोट वर धरलं, शाळेत मुलं एक नंबरला धरतात तसं. “चला, मगदूम. नमुना काल संध्याकाळपासून बर्फात आहे. उद्यापर्यंत टिकायचा नाही.”

“हळद लागल्याली पोरगी उंबऱ्याबाहेर जात न्हाई, मास्तर,” आत्या म्हणाली.

“शास्त्राला मुहूर्त नसतो, आत्याबाई.”

“हळदीला असतोय की.”

मी आईकडे पाहिलं. आई कधीच लवकर बोलत नसे. बेळगावची मंडळी चारला यायची होती. आईनं आधी सरांच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. “साडेचार वर्षं झाली,” ती आत्याला म्हणाली, “साडेतीनला घरात पाहिजे.” एवढंच.

“मग मी येतो संगं,” आत्या म्हणाली. “एकटी सोडत न्हाईत.” तिनं घरातून अडकित्ता आणला आणि माझ्या हातात दिला. हळद लागलेल्या मुलीजवळ लोखंड असावं लागतं. हळदीची वाटीही तिनं बरोबर घेतली. अर्धी लागलेली हळद पोरीपासून लांब ठेवायची नाही, असा नियम होता. निदान तिनं तो त्या क्षणी केला.

सर लूनावर पुढे, आम्ही दोघी रिक्षात मागे. चौकात ओळखीची माणसं थांबून बघत होती. पिवळीधमक नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी कॉलेजात चालली होती, आणि तिच्या हातात अडकित्ता होता.

कोल्ड रूमच्या दारात वीट ठेवून मी आत्याला आत नेलं आणि स्टुलावर बसवलं. तिच्यापुढं बर्फात एक छोटं बीकर होतं. त्यात चहाच्या अर्ध्या कपाएवढं गढूळ, पिवळट पाणी.

“हे काय?”

“हाच नमुना. दोन किलोतलं एवढंच उरलंय.”

“आन् बाकीचे?”

“बाकीचे गेले, आत्या.”

आत्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या.

मी आणि सर बाहेर बेसिनशी हात धुवायला गेलो. साबण लावताच माझ्या हातांवरून लालभडक फेस वाहायला लागला. सर दचकले.

“तुम्हालाही लागलं?”

“नाही सर, हळद आहे. साबणानं लाल होते.”

“हो हो, क्षारानं. माहितेय मला,” ते घाईनं म्हणाले. तीन वेळा धुतले तरी नखांच्या कडा पिवळ्याच राहिल्या. विभागाकडे रबरी हातमोजे दोनच होते आणि दोन्ही डाव्या हाताचे. एक मी घातला, एक सरांनी घातला. माझा उजवा हात आणि त्यांचं ते बोट तसंच राहिलं.

आत आलो तर आत्या डोळे मिटून पुटपुटत होती. थंडीनं असेल असं मला वाटलं. सरांनी बीकर धरलं, मी पिपेटनं नमुना कॉलमवर सोडला. कॉलम म्हणजे मनगटाएवढी जाड, हातभर उंच काचेची नळी, आत साबुदाण्याच्या लापशीसारखा भरलेला पदार्थ. वरून प्रोटीनांची गर्दी सोडायची. मोठी आधी बाहेर पडतात, लहान मागाहून. खाली थेंब थेंब गळतं ते वेगवेगळ्या ट्यूबमध्ये धरायचं. ट्यूब आपोआप सरकवणारं यंत्र आमच्याकडे होतं, पण ते सरकवत नसे. म्हणून दर पाच मिनिटांनी एक ट्यूब मी हातानं बदलायची.

पहिल्या तीस ट्यूब पाण्यासारख्या आल्या. एक वाजला. आत्याला मी माझी शाल दिली होती. तिनं ती कॉलमला पांघरू का असं विचारलं. सर नको म्हणाले. छत्तिसावी ट्यूब जरा पिवळसर वाटली. सदतिसावी भरायला लागली आणि सर माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

पिवळी. फिकट नव्हे. झेंडूसारखी.

“मगदूम,” सर कुजबुजले. “मगदूम, हा पिवळा बघितलात?”

बाहेरच्या टेबलावर मी थेंबभर घेऊन तपासणी लावली. एन्झाइम काम करत असेल तर मिश्रण निळं होतं. पस्तीसपासून एकोणचाळीसपर्यंत निळं झालं आणि सदतीसला तर शाईच. म्हणजे एन्झाइम तिथंच होतं, जिवंत होतं, आणि पिवळं होतं. चौथ्या खेपेला ते मेलं नव्हतं. मी आत येऊन दोघांना सांगितलं.

“रंग धरला की,” आत्या म्हणाली.

“बघा!” सर ओरडले. “आत्याबाईंनासुद्धा कळलं!”

साडेचार वर्षांत पहिल्यांदा सर हसताना त्यांचे वरचे दात दिसले. ते एक पाऊल मागे सरकले, अजून एक सरकले, त्यांचा पाय विटेवर पडला आणि वीट सरकून दार बंद झालं.

आत चार डिग्री. आम्ही तिघं आणि एन्झाइम. बाहेर कोणी नाही. मे महिना, कॉलेजला सुट्टी.

“किती वाजले?” आत्यानं विचारलं.

“अडीच.”

“मास्तर, तुमच्या शास्त्रात ह्याला काय म्हणत्यात?”

सर दार ठोकत होते, एका हातानं. दुसऱ्या हातात सदतीस नंबरची ट्यूब होती, ती काही ते खाली ठेवेनात. आत्यानं माझ्या कमरेचा अडकित्ता काढला, त्याचं पातं दाराच्या फटीत घातलं आणि सुपारी फोडावी तशी कडी वर उचलली. दार उघडलं. “उगंच देत न्हाईत लोखंड,” ती म्हणाली.

पावणेचारला मी पाटावर होते. बेळगावची माणसं अर्धा तास आधीच आली होती आणि आईनं त्यांना मुलगी बस्तीला, म्हणजे देवळात, दर्शनाला गेल्याचं सांगितलं होतं. थोरल्या नणंदेनं माझा हात हातात घेतला आणि सोडला.

“केवढा गार गं हात!”

“देवळातली फरशी गार असती,” आत्या म्हणाली आणि राहिलेला पाय हळदीनं माखायला घेतला.

लग्न झालं. मी बेळगावला गेले. आठव्या दिवशी सरांचं पोस्टकार्ड आलं. पत्ता, माझं जुनंच आडनाव, आणि मजकुराच्या जागी एकच शब्द: ‘अकरा.’

ते कार्ड आधी सासऱ्यांच्या हातात पडलं. “अकरा काय?” त्यांनी विचारलं.

“एन्झाइमच्या एका रेणूला बी-सिक्सचे अकरा रेणू निघाले. पिवळा रंग यंत्रावर मोजून काढतात.”

“बरं आहे का वाईट?”

“जगात कुणाला एकाच्या वर सापडलेलं नाही.”

सासऱ्यांनी विचार केला. “म्हणजे दहा जास्त,” ते म्हणाले. “चांगलंच की.” आणि सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

सर या घटनेची किती वर्षं वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बरोबरीचे सगळे पुण्या-मुंबईला, दोघे परदेशात. सर सांगलीतच राहिले. त्यांच्या नावावर शोधनिबंध दोन, आणि दोन्हींत दुसऱ्यांनी काढलेलं उत्तर बरोबर आहे असं सिद्ध केलेलं. अकरा हे पहिलंच त्यांचं स्वतःचं होतं. हैदराबादच्या परिषदेला ते निबंध पाठवणार होते. त्यांनी आधी कधी परिषद पाहिली नव्हती.

ऑगस्टमध्ये मी महिन्याभरासाठी माहेरी आले, प्रबंध पुरा करायला. विभागात फळ्यावर भलामोठा ११ लिहिलेला होता, भोवती चौकट. सरांचं बोट बरं झालं होतं. सर मात्र जरा गप्प वाटले.

“आता फक्त कॉस्टिकची तपासणी राहिली, सर,” मी म्हणाले. पिवळा रंग मोजून काढलेला आकडा कच्चा समजतात. एन्झाइम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलं की बी-सिक्स सुटं होतं, मग ते नीट मोजायचं. तासाभराचं काम. “आज करून टाकते.”

“आज नको. कॉस्टिकच्या बाटलीला ओल आलीय.”

मंगळवारी नवी बाटली उघडली. सर म्हणाले, आज व्होल्टेज बरोबर नाही. बुधवारी म्हणाले, आज संकष्टी आहे, माझं लक्ष लागायचं नाही. गुरुवारी म्हणाले, परवा शनिवार आहे.

“पण आज गुरुवार आहे, सर.”

“तेच म्हणतोय. इतक्या जवळ कशाला?”

शुक्रवारी सर जेवायला घरी गेले. मी फ्रीजरमधून सदतीस नंबरची ट्यूब काढली. रंग अजून तसाच झेंडूसारखा. दोन थेंब घेतले आणि त्यांवर कॉस्टिकचे दोन थेंब टाकले.

लाल. कुंकवासारखा लाल.

माझ्या डोळ्यांसमोर बेसिनमधला फेस आला. हळद, आणि ती क्षारानं लाल होते. आमच्या गावात हे शेंबड्या पोराला माहीत असतं. हळद पाण्यात विरघळत नाही, पण प्रोटीनला मात्र अशी घट्ट चिकटते की सोडता सोडत नाही. आणि चिकटली की यंत्रावर नेमका बी-सिक्सच्याच जागी रंग दाखवते. अकरातली निदान दहा तरी हळद होती.

मग आठवलं ते सरांचं बोट. आत्यानं दाबून बसवलेली हळद. बीकर धरणारा तो हात.

हे सरांना सांगायचं कसं? हैदराबादला निघालेल्या माणसाला सांगायचं, की सर, तुमचा शोध तुमच्या बोटातून पडला? मी ठरवलं, सांगायचं नाही. परीक्षकांनाच सापडू दे. मग वाटलं, परीक्षकांना सापडलं तर माझी साडेचार वर्षंही गेली. मग वाटलं, तरीही नाही. हे मी दोन मिनिटांत तीन वेळा ठरवलं आणि नोंद करायला पेन हवं म्हणून सरांचा खण उघडला.

खणात एक पाकीट होतं. हैदराबादचा पत्ता, तिकिटं चिकटवलेली. तारीख जूनची. पाकीट पोस्टात गेलंच नव्हतं. त्याच्याखाली कापसात गुंडाळलेली एक लहान ट्यूब, तळाशी वाळलेला लाल थर. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘३७. कॉस्टिक.’

सर परत आले तेव्हा दोन्ही ट्यूब टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. ते दारातच थांबले.

“केव्हा केलंत, सर?”

“जूनमध्ये. कार्ड टाकल्यावर चार दिवसांनी.” ते खुर्चीत बसले. “कार्ड परत मागवता येत नाही.”

“मग मला कळवलं का नाहीत?”

“काय कळवणार? नवं सासर तुमचं. तिथं पत्र धाडू, की तुमच्या हळदीनं साडेचार वर्षांची वाट लावली? सासऱ्यांनी वाचलं असतं म्हणजे?”

“माझ्या हळदीनं?”

“मग कुणाच्या?”

मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

“शक्य नाही,” सर म्हणाले. “मी नमुन्याला हातच लावला नाही.”

“बीकर तुम्ही धरलं होतंत.”

“बाहेरून! आणि वर टिंक्चर लावलं होतं मी. तुमच्या नखांत होती हळद. मी बघितली.”

“मी तीन वेळा हात धुतले होते.”

“लाल फेस येईपर्यंत!”

“मी आता, हे बघितल्यावर, ठरवलं होतं की तुम्हाला सांगायचं नाही.”

“आणि मी अडीच महिने ठरवलंय!”

आमच्या दोघांत कधी वाद झाला नव्हता. पहिला झाला तो एकमेकांवर हळद ढकलण्यावरून. शेवटी सरांनी खडू घेतला. “भांडून काय होणार? मोजू.” दहा रेणूंचा रंग यायला किती हळद लागेल ते त्यांनी फळ्यावर मांडलं. निम्मी कॉलममध्येच अडकली असणार, तीही धरली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.

“हे नखातल्या हळदीचं काम नव्हे,” ते म्हणाले. “बोटावरच्याही नव्हे. याला अख्खी चिमूट लागते.”

चिमूट म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. सरांनी तिला नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच विचारलं, “आत्याबाई, त्या दिवशी आम्ही हात धुवायला गेलो, तेव्हा त्या बीकरमध्ये तुम्ही काही टाकलंत का?”

“टाकलं की,” आत्या म्हणाली.

“काय?”

“हळद. चिमूटभर. दोन किलोतले गेले म्हणाली पोरगी, एवढंच उरलंय. म्हणलं, उरल्यात त्यांचं तरी बरं व्हावं. णमोकार म्हटला आन् सोडली.” तिनं खडा उचलून बाजूला टाकला. “लगीनघरातनं हळद घिऊन गेलो आन् तिथं तशीच बसू? बरं दिसतंय काय?”

“पण मग सांगितलं का नाहीस?” मी म्हणाले.

“कुणी इचारलं? आन् मी म्हटलं न्हवतं व्हय, रंग धरला म्हणून? मास्तर तर नाचत हुते.”

सर ओसरीच्या पायरीवर बसले. आत्यानं त्यांना पाणी दिलं, गाळलेलं. ते प्यायले.

“आता परत?” आत्यानं विचारलं.

“परत,” सर म्हणाले. “दोन किलो.”

आत्यानं डोळे मिटले. “आन् या बारीला काय टाकू?”

“काही टाकू नका, आत्याबाई. या वेळी तुम्ही घरूनच म्हणा.”

बेळगावला पत्र लिहून मी तीन आठवडे वाढवून घेतले. सासऱ्यांना खरं कारण लिहिलं नाही, पेढे वाटून झाले होते. यीस्ट आलं, फुटलं, गाळलं गेलं. सरांनी कॅलेंडर पाहिलं नाही. शेवटचा कॉलम नेमका शनिवारी आला आणि काही फुटलं नाही. वीज मात्र दोनदा गेली. एन्झाइम जगलं. आत्यानं म्हटलं म्हणून की बर्फ दुप्पट घेतला म्हणून, ते आम्ही मोजलं नाही. या खेपेला सदतिसावी ट्यूब पाण्यासारखी दिसत होती. खिडकीशी धरली, तर जरासा पिवळा भास. कॉस्टिक टाकलं. लाल झालं नाही.

मी आकडेमोड केली, सरांनी पुन्हा केली. मग ते उठले, डस्टर घेतलं आणि फळ्यावरच्या ११ मधला एक आकडा पुसला. चौकट तशीच ठेवली.

प्रबंध एकोणतीस सप्टेंबरला दिला. हैदराबादच्या पाकिटावरची तिकिटं सरांनी वाफेनं सोडवली आणि माझ्या प्रबंधाच्या पार्सलला लावली.

थ्रिओनिन सिंथेजच्या एका रेणूला बी-सिक्सचा एक रेणू चिकटतो. हे विभागातल्या पुस्तकात आधीपासूनच होतं, पान चारशे बारावर, आणि त्याखाली सरांनी पेन्सिलनं रेघही मारलेली होती.